मोठा कुत्रा, घरातली मांजरे आणि एक हल्ला: पुढचे दोन महिने काय करायचे

प्रश्न थोडक्यात असा. दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके फ्लॅट. 3 वर्षांचा, 36 किलोचा नर जर्मन शेफर्ड, रॉकी, चार महिन्यांपूर्वी ओळखीच्यांकडून आला. घरात आधीपासून दोन मांजरे आहेत: 6 वर्षांची मनी आणि दीड वर्षाचा गोट्या. पहिले काही आठवडे रॉकी मांजरांकडे नुसता टक लावून बघायचा. मग पाठलाग सुरू झाला, आणि गेल्या आठवड्यात त्याने गोट्याला पाठीवर धरून झटकले. दोन दातांच्या खुणा आहेत, टाके पडले नाहीत. एका ट्रेनरने सांगितले की मांजर पिंजऱ्यात घालून कुत्र्यासमोर ठेवा आणि कुत्र्याला करंटचा पट्टा लावा. घरचे म्हणतात, नसबंदी केली की शांत होईल. हे तिघे एका घरात राहू शकतील का?

राहतील की नाही हे आज कोणी सांगू शकत नाही; नीट काम केले तर आठ-दहा आठवड्यांत अंदाज येतो. तोवर दोन गोष्टी डोक्यात पक्क्या ठेवा. रॉकीने यापुढे एकदाही मांजरामागे धावता कामा नये, कारण धावणे हेच त्याचे बक्षीस आहे आणि प्रत्येक पाठलागाने ती सवय घट्ट होते. आणि तुम्हाला दोस्ती घडवायची नाही. इंटरनेटवर कुत्र्याच्या पोटाशी झोपलेल्या मांजरांचे फोटो दिसतात, ते विसरा. मांजर खोलीतून गेले आणि कुत्र्याने मान परत चटईवर टाकली, एवढे जमले तरी खूप झाले.

पण आधी गोट्याकडे बघा, कारण ‘टाके पडले नाहीत’ या शब्दांनी घरातले सगळे निश्चिंत झालेले असतात. मांजराची कातडी सैल असते. कुत्र्याचा सुळा आत जातो, मग झटकताना सैल कातडी दाताबरोबर सरकते आणि खालचे स्नायू फाटतात. वरून मुगाएवढे भोक, आत तळहाताएवढी इजा, हे नेहमीचे आहे. बरगड्या, फुप्फुस, पोट आणि छाती यांच्यामधला पडदा, सगळ्याला धोका असतो. छातीचा एक्स-रे झाला नसेल तर करून घ्या. घरी एक काम रोज करा: गोट्या झोपलेला असताना एका मिनिटात छाती किती वेळा वर येते ते मोजा. 30 च्या आत असेल तर ठीक. सतत 40 च्या वर जात असेल, किंवा तोंड उघडे ठेवून श्वास घेत असेल, तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात न्या. चाव्याच्या जागी दोन ते पाच दिवसांत गळू होते. गरम, मऊ फुगवटा लागला तर दाखवा. घरातली पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्धी गोळीही जीव घेऊ शकते. कुत्र्यासाठी दिलेले वेदनाशामकही परस्पर देऊ नका.

लिटर ट्रेवरही लक्ष ठेवा. ताणाखाली असलेल्या बोक्याची लघवी तुंबू शकते. तो ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतो, ओरडतो आणि थेंबच येतात. हे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पूर्ण तुंबली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतते. आणि दोघांपैकी कोणीही मांजर पूर्ण दिवसभर काही खाल्ले नाही तर ‘रुसलंय’ म्हणून सोडू नका. मांजराचे यकृत उपास सहन करत नाही.

आता दारे. टू बीएचकेमध्ये सोपी वाटणी म्हणजे एक बेडरूम आणि त्याला जोडलेले बाथरूम मांजरांचे, हॉल आणि गॅलरी कुत्र्याची, आणि स्वयंपाकघर पाळीपाळीने. एक दार मात्र पुरत नाही. दार उघडे राहते. आजी औषध घ्यायला उठतात, कामाच्या मावशी बादली घेऊन आत जातात, पाहुण्यांचे मूल ‘मनी कुठेय’ म्हणत धावते. म्हणून कुत्रा आणि मांजर यांच्यामध्ये नेहमी दोन अडथळे हवेत. एक म्हणजे बेडरूमचे दार, दुसरा म्हणजे पॅसेजच्या तोंडाशी जाळीचे फाटक. बाजारात मिळणारी लहान मुलांसाठीची अडीच फुटी फाटके या कुत्र्यासाठी उंबरठ्यासारखी आहेत, तो धावत न येताही उडी मारेल. फॅब्रिकेटरकडून किमान साडेचार-पाच फूट उंचीचे, भिंतीत बोल्ट मारून बसवलेले लोखंडी जाळीचे दार करून घ्या, सेफ्टी डोअर करतात तसेच. उभे गज असतील तर त्यांतली फट दीड-दोन इंचांपेक्षा जास्त नको. तीन-चार इंचांतून मांजर आरामात पलीकडे जाते. खालच्या साडेतीन-चार फुटांना प्लाय मारा म्हणजे नजरानजर होणार नाही. जाळीपलीकडून दिवसभर एकमेकांकडे बघत बसणे हाही रॉकीसाठी शिकारीचा सरावच आहे, आणि मांजरांसाठी छळ.

दाबून उघडायच्या हँडलची दारे शेफर्ड दोन दिवसांत शिकतो. वर कडी लावा, आणि कडी लावली का हे बघायचे काम घरातल्या एकाच माणसाचे ठेवा. सगळ्यांचे काम म्हणजे कोणाचेच नाही.

अदलाबदलीचा दिनक्रम ठरवा. रॉकी सकाळ-संध्याकाळ फिरायला गेला की मांजरांना हॉल मोकळा. रॉकी परत येण्यापूर्वी फोन करायचा, दोन्ही मांजरे आत आहेत हे डोळ्यांनी बघायचे, मोजायचे, मग दार. ‘असतील आतच’ असे धरून चाललात की एक दिवस गोट्या सोफ्याखालून बाहेर येईल.

पुन्हा पकड झालीच तर काय करायचे, हे आत्ता घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, त्या क्षणी कोणालाही सुचत नाही. मांजराला ओढायचे नाही. कुत्र्यालाही मागे खेचायचे नाही. दोन्हींत दात कातडीतून चिरत जातात. मागचे पाय उचलण्याची युक्ती दोन कुत्र्यांच्या भांडणासाठी आहे, तोंडात मांजर असताना ती वापरू नका. एकाने मागून, कुत्र्याला दोन गुडघ्यांत धरून, पट्टा दोन्ही हातांनी कानांच्या मागे घट्ट पकडायचा आणि डोके स्थिर करायचे, म्हणजे झटका देता येत नाही. झटक्यानेच मान आणि पाठीचा कणा मोडतो. मग पट्टा सरळ वर ताणून धरायचा. श्वास अडला की काही सेकंदांत जबडा सुटतो, आणि सुटताक्षणी ताण सैल करायचा. दुसऱ्याने मांजरावर जाड चादर टाकून उचलायचे, नुसत्या हातांनी नाही; घाबरलेले मांजर मालकालाही फाडते. कोणाला दात लागले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी रुग्णालयात जायचे, लसीकरणाचे कार्ड घरात असले तरी. मांजराचा चावा हाताला खोलवर लागतो आणि बरेचदा पिकतो, त्याला कमी लेखू नका.

यासाठी रॉकीच्या गळ्यात घरातही साधा रुंद पट्टा राहू द्या, आणि तुम्ही समोर असताना चार-पाच फुटांची, हँडल कापून टाकलेली हलकी दोरी त्याला अडकवून ठेवा. हँडलचा फास फर्निचरमध्ये अडकतो. तो एकटा असताना दोरी काढायची.

हा हल्ला कोणत्या जातीचा आहे?

सगळे याला ‘अ‍ॅग्रेशन’ म्हणतात, पण मांजरावर धावण्याची कारणे वेगवेगळी असतात आणि उपायही त्यानुसार बदलतात. जेवणाच्या ताटलीपाशी, सोफ्यावर किंवा तुमच्या मांडीपाशी मांजर आले की गुरगुरणारा, पण इतर वेळी दुर्लक्ष करणारा कुत्रा आपली वस्तू राखतो आहे. त्याच्यात जागा बदलून आणि जेवण वेगळे करून पुष्कळ फरक पडतो. मांजराने कधी नाकावर पंजा मारलेला असला तर कुत्रा अंग मागे घेतो, कान मागे पाडतो, भुंकतो, मध्येच नजर वळवतो. ती भीती आहे. पुढचे पाय जमिनीला टेकवून, ढुंगण वर करून, सैल अंगाने उड्या मारत धावणारा कुत्रा खेळायला बोलावतो आहे. 36 किलोचा खेळही 4 किलोच्या मांजराला मारू शकतो, पण तो शिकवून कमी होतो.

चौथा प्रकार शिकारीचा, आणि तुमच्या वर्णनातला तोच वाटतो. त्यात राग नसतो. गुरगुर नाही, भुंकणे नाही. तोंड मिटते, कान पुढे येतात, शेपूट थांबते, वजन पुढच्या पायांवर जाते आणि कुत्रा पुतळ्यासारखा गप्प होतो. कधी बारीक थरथर, कधी नाकातून कुंई. लोक याला ‘किती शांत बघतोय’ म्हणतात. पहिले काही आठवडे रॉकी ‘नुसता बघत होता’ असे तुम्ही लिहिले आहे. तो बघत नव्हता, शिकारीची पहिली पायरी चढत होता.

बघणे, रोखणे, दबकत जाणे, धावणे, पकडणे, झटकणे ही शिकारीची साखळी. माणसाने कामानुसार कुत्र्यांच्या जाती घडवताना या साखळीतल्या काही कड्या वाढवल्या, काही कमी केल्या. मेंढपाळी जातींत रोखणे आणि धावणे जोरदार, पकडणे बहुधा दाबलेले. आपल्याकडच्या कारवानी, पश्मी, मुधोळ या सशामागे धावणाऱ्या कुत्र्यांत धावणे आणि पकडणे दोन्ही शाबूत असते, म्हणून मांजराच्या घरात ते अधिक अवघड. शेफर्डमध्ये झटकण्यापर्यंत साखळी पोचली याचा अर्थ पाठलाग पुष्कळदा झालेले आहेत, कदाचित तुमच्याकडे येण्याआधीपासून. आधीच्या घरी फोन करून एकच प्रश्न नेमका विचारा: याने कधी मांजर, कोंबडी किंवा खार मारली आहे का? उत्तरावर पुढचे बरेच काही अवलंबून आहे.

कुठे उभे आहात हे मोजायला एक साधी कसोटी आहे. रॉकी पट्ट्यात, जाळीमागे, मांजर 15-20 फुटांवर शांत बसलेले. उकडलेल्या चिकनचा तुकडा नाकाशी धरा आणि नाव घ्या. तीन सेकंदांत वळून तुकडा खाल्ला तर त्या अंतरावर त्याचे डोके ठिकाणावर आहे. तुकडा नाकाला लागूनही दिसत नसेल, किंवा बोटांसकट ओरबाडत असेल, तर तेवढ्या अंतरावर शिकवणे व्यर्थ आहे. ही कसोटी हल्ल्यानंतर लगेच घ्यायची नाही. आधी दोन आठवडे पूर्ण पडदा: दिसणे नाही, पाठलाग नाही, जाळीशी उभे राहणे नाही.

त्या दोन आठवड्यांत डॉक्टरकडे रॉकीचीही फेरी करा. शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा त्रास वारंवार आढळतो, कानाचा जुना संसर्गही. दुखणारा कुत्रा चिडखोर असतो आणि त्याची सहनशक्ती तोकडी असते. खुब्याचा एक्स-रे, रक्त, थायरॉइड एवढे बघून घ्या. नसबंदीचे म्हणाल, तर ती इतर कारणांसाठी करायची असेल तर जरूर करा, पण शिकारीची ओढ त्याने कमी होत नाही. ती समोरच्या हालचालीशी जोडलेली आहे, नर-मादीपणाशी नाही. नसबंदी केलेल्या माद्याही मांजरे मारतात.

आणि करंटचा पट्टा? नको. कारण साधे आहे. मांजर दिसताच मानेला झटका बसला तर कुत्रा ‘मी धावलो म्हणून’ असा हिशेब करत नाही; मांजर दिसले की दुखते, एवढे तो शिकतो. म्हणजे ज्या मांजराबद्दल त्याला फक्त ओढ होती, त्याचा आता तिरस्कारही. दुसऱ्या टोकाला, खरोखर तापलेल्या शिकारी कुत्र्याला तो झटका जाणवतही नाही, मग माणूस तीव्रता वाढवत जातो. ओरडणे, वर्तमानपत्राची गुंडाळी, नाक दाबणे यांनी गुरगुर बंद होते आणि इशारा न देता चावणारा कुत्रा तयार होतो. पिंजऱ्यातल्या मांजराचा प्रयोगही दोघांच्या मुळावर येणारा. पळता न येणारे मांजर भीतीने गोठते, आणि पिंजऱ्याभोवती घिरट्या घालणारा रॉकी तासभर फुकटात शिकार शिकतो.

मुसके

पडद्याच्या त्याच दोन आठवड्यांत मुसक्याची सवय लावा. कापडाचे किंवा चामड्याचे, तोंड बंद ठेवणारे मुसके दवाखान्यात पाच मिनिटे ठीक. घरात आणि आपल्या उन्हाळ्यात ते धोक्याचे, कारण कुत्रा जीभ काढून धापा टाकूनच अंग थंड करतो. जाळीचे, टोपलीसारखे मुसके घ्या. आत तोंड पूर्ण उघडता आले पाहिजे, पाणी पिता आले पाहिजे, नाकापुढे एक-दीड सेंटिमीटर जागा हवी, आणि डोळ्यांखाली कडा घासता कामा नये. नाकाची लांबी आणि डोळ्यांच्या एक इंच खाली तोंडाचा घेर मोजून, मापावरून मागवा, जातीच्या नावावरून नाही.

घालायची घाई केली की मुसके कायमचे नकोसे होते. पहिले दोन दिवस आत दही किंवा साधे पीनट बटर चोपडून नुसते हातात धरा, तो स्वतः तोंड घालेल. डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) लिहिलेले नाही ना ते बघा, कुत्र्यांना ते घातक असते. मग मागचे बंद न बांधता पाच सेकंद, दहा, तीस. साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी बंद लावा, जाळीतून दोन तुकडे द्या, लगेच काढा. पंजाने ओढायला लागला तर वेळ निम्मी करा. दहा-पंधरा दिवसांत तो वीस मिनिटे मुसके घालून फिरायला गेला पाहिजे. फक्त मांजर दिसायच्या आधीच मुसके घातलेत, तर मुसके म्हणजे मांजर असा त्याचा हिशेब होईल, म्हणून फिरायला जाताना आणि जेवणाआधीही घाला.

मुसक्याने दात थांबतात, वजन थांबत नाही. 36 किलोचा कुत्रा दोन पंजांनी किंवा मुसक्याच्याच ठोशाने मांजराची बरगडी मोडू शकतो. त्यामुळे मुसके घातले म्हणून पट्टा सोडायचा नाही.

सराव

मांजर न दाखवता आधी तीन गोष्टी पक्क्या करा: नावाला वळणे, ‘सोड’, आणि ‘चटई’. शेवटची सर्वांत महत्त्वाची. एक जाड सतरंजी घ्या, त्यावर पाऊल पडले की तुकडा, बसला की तुकडा, एका कुल्ल्यावर कलंडून सैल पडला की सलग तीन तुकडे. सराव संपला की सतरंजी गुंडाळून ठेवा म्हणजे तिची किंमत टिकते. दाराची बेल वाजतानाही तो दहा मिनिटे सतरंजीवर सैल पडून राहू लागला की पुढे जा. सैल महत्त्वाचे. हुकमामुळे ताठ बसलेला कुत्रा दाबलेल्या स्प्रिंगसारखा असतो.

तुकडे हरभऱ्याच्या दाण्याएवढे, एका वेळेला पंधरा-वीस. तेवढे जेवणातून वजा करा. नाहीतर दोन महिन्यांत खुब्यांवर तीन किलो चढतील.

वास आधी, नजर नंतर. मनीच्या अंथरुणाचा तुकडा हॉलमध्ये ठेवा. हुंगला आणि निघून गेला तर शाबासकी. हुंगून ताठला, चाटू लागला, उचलून झटकू लागला तर कापड लांब ठेवा आणि तेच काही दिवस चालू द्या. कापड झटकणारा कुत्रा मांजर दाखवायला तयार नाही.

मग पहिली भेट. रॉकीने तासभर हुंगत हुंगत फिरून घेतलेले, मुसके, छातीला अडकणारा हार्नेस आणि पट्टा दोन्हींना दोरी, दुसरे टोक माणसाच्या हातात. एकट्याला 36 किलो आवरत नसतील तर दोरी भिंतीतल्या बोल्टला. पलंगाच्या पायाला नको, पलंग सरकतो. मांजर फाटकापलीकडे, मोकळे, उंच जागी, दुसऱ्या माणसाबरोबर, कधीही निघून जाता येईल असे. मनीपासून सुरुवात करा, गोट्यापासून नाही. मनी बसून राहते. गोट्या पळतो, आणि शिवाय तो घाबरलेला आहे. तुमच्या घरात हॉलच्या टोकापासून पॅसेजपर्यंत जेमतेम अठरा-वीस फूट मिळतील, ते सगळे वापरा.

रॉकीने मांजर पाहिले की ताठण्यापूर्वी, म्हणजे पहिल्या एक-दोन सेकंदांत, ‘हां’ किंवा तुमचा ठरलेला शब्द, आणि लगेच तुकडा. पाहिले, ‘हां’, तुकडा. तीन मिनिटे, मग पडदा ओढून खेळ संपला. दिवसातून दोनदा. काही दिवसांत तो मांजर दिसताच स्वतःहून तुमच्याकडे वळून बघू लागतो: ‘दिसलं, माझा तुकडा?’ हा सरावातला मोठा टप्पा. दहापैकी आठ वेळा दोन सेकंदांत वळला आणि हे सलग तीन दिवस टिकले, तरच दोन फूट पुढे. एकदा ताठला तर बोलत बसू नका. हसऱ्या आवाजात ‘चल’ म्हणत कमानीतून वळवून अंतर दुप्पट करा. सरळ मागे खेचलेत तर तो ताणून पुढे जोर लावतो.

अंतर आणि हालचाल एकदम बदलू नका, इथेच बहुतेक घरे घसरतात. बसलेल्या मांजराशी पाच फुटांवर उत्तम वागणारा कुत्रा चालणारे मांजर वीस फुटांवरूनही सहन करत नाही. मांजर चालू लागले की अंतर पुन्हा लांब. बसलेले, चालणारे, फळीवरून उतरणारे, धावणारे, ओरडणारे: पाच वेगळे धडे आहेत. धावणारे मांजर शेवटचे, आणि काही कुत्र्यांत तो धडा कधीच पूर्ण होत नाही.

दिवाळीच्या फटाक्यांत, पाहुण्यांच्या दिवसांत, दवाखान्यातून आल्यावर सराव बंद ठेवा. ताण साठत जातो आणि दोन दिवस राहतो.

व्यायामाबद्दल एक गैरसमज आहे. दमलेला कुत्रा शांत, म्हणून लोक तासभर चेंडू फेकतात. चेंडूमागे धावणे म्हणजे पाठलागाचीच तालीम, आणि त्याने कुत्रा दमत नाही तर तापतो. त्याऐवजी लांब दोरीवर 45 मिनिटे हुंगत फिरणे, उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत; जेवणातला निम्मा भाग गवतात किंवा जुन्या गोधडीच्या घड्यांत लपवून शोधायला लावणे; चघळायला काहीतरी टणक.

औषधांचेही विचारतील म्हणून लिहितो. फ्लुओक्झेटिन हे औषध डॉक्टर साधारण एक ते दोन मिलिग्रॅम प्रतिकिलो, दिवसातून एकदा देतात. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, सुरुवातीला भूक मंदावते. कुत्रा घाबरट, उतावळा, सतत तापलेला असेल तर सरावाला त्याची मदत होते. थंड डोक्याच्या शुद्ध शिकारीवर त्याचा फारसा उपयोग नाही. फिट येणाऱ्या कुत्र्याला ते देताना जपावे लागते. आणि आपल्याकडे फार महत्त्वाचे: गोचिडांसाठी अमिट्राझचा डिप (पाण्यात मिसळून अंगावर लावायचे औषध) किंवा पट्टा चालू असेल तर ते डॉक्टरला आधी सांगा, दोन्ही एकत्र चालत नाहीत. मांजरांच्या घरात अमिट्राझ तसेही नको. कुत्र्याच्या गोचिडांची पर्मेथ्रिन असलेली औषधेही मांजराला घातक, अंगावर लावलेल्या कुत्र्याशेजारी बसूनही.

मांजरांना वरची जमीन द्या. जर्मन शेफर्ड मागच्या पायांवर उभा राहिला तर साडेपाच फुटांपर्यंत तोंड नेतो, म्हणून फळ्या सहा फुटांवर, दहा इंच रुंद, खाली मजबूत ब्रॅकेट, वर सतरंजीचा तुकडा ठोकलेला. घरात माळा असेल तर निम्मे काम झाले. तिथपर्यंत जायला दीड-दीड फुटांच्या अंतराने टप्पे करा. प्रत्येक फळीला चढायची आणि उतरायची वाट वेगळी हवी, नाहीतर ती फळी म्हणजे सापळा. दोन मांजरांना तीन लिटर ट्रे, कुत्र्याच्या तोंडापासून लांब. कुत्रे मांजराची विष्ठा आवडीने खातात आणि ट्रेवर ताटकळत बसतात. गोट्या अंथरुणावर मुतू लागला किंवा पोटावरचे केस चाटून घालवू लागला, तर रॉकीची प्रगती कितीही झाली असली तरी वेग जास्त आहे.

जिन्यातले भटके मांजर रॉकीच्या दृष्टीने मनी नाही. आणि खुद्द मनी गॅलरीच्या कठड्यावर किंवा खाली पार्किंगमध्ये दिसली तर तीही मनी राहत नाही. घरातल्या मांजराला ओळखणे हा घरापुरता करार असतो, दाराबाहेर तो लागू होत नाही. मांजरे बाहेर सोडत असाल तर बंद करा.

आठव्या ते दहाव्या आठवड्यात हिशेब करा. चालणाऱ्या मनीसमोर दहा फुटांवर, मुसके आणि पट्ट्यात, रॉकी चटईवर सैल पडत असेल तर पुढचे चार-पाच महिने काम करण्यासारखे आहे. तेव्हाही तिघांना एकत्र एकटे सोडायचे नाही, रात्रीही नाही, पाच मिनिटे अंघोळीला जातानाही नाही. हे आयुष्यभर. ‘आता वर्षभर काही केलं नाही’ या वाक्यानंतरच मांजरे मरतात.

पंधरा फुटांवरच अजून ताठत असेल, आधीच्या घरी त्याने मांजर मारल्याचे कळले असेल, किंवा घरात दारे उघडी टाकणारे लहान मूल असेल, तर सराव थांबवून कायमची वाटणी हाच मार्ग. पुष्कळ घरे दोन दारे आणि अदलाबदलीवर दहा वर्षे काढतात. कटकटीचे आहे, पण जमते. ते जमणार नसेल तर रॉकीसाठी मांजर नसलेले घर शोधा. रस्त्यावर सोडू नका. उपाशी-तहानेला मरेल अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. माणसांशी तो नीट असेल तर मांजरावरच्या हल्ल्यामुळे तो माणसांवर धावेल असे होत नाही, त्या भीतीने त्याला ‘झोपवण्याचा’ विचार करू नका. नव्या घराला मात्र झालेले सगळे लेखी द्या: तारीख, किती वजनाचे मांजर, कुठे धरले, झटकले, सोडवायला किती वेळ लागला. शेजारच्या घरी मांजर असेल, गच्ची एकच असेल, तर ते घर त्याच्यासाठी नाही.